तेजी तिकडची, झळ इकडची

संगणकाच्या मेमरीचा भाव आणि वऱ्हाडातला कापूस यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणीही विचारील. पण पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला की माणसाला एक खोड लागते. काही नवं घडलं की, हे आधी कुठे घडलं होतं बरं, असं तो शोधू लागतो. या वेळी शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव पुरलं.

आधी आजचं सांगतो. आमच्याकडे एक सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे मुलांसाठी संगणकाची खोली करावी म्हणून माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. २०२५ च्या गणपतीत दुकानदाराने भावपत्रक दिलं होतं, पंचवीस हजारांना एक. म्हणजे दहा संगणकांना अडीच लाख. जानेवारीत वर्गणीचा आकडा पुरा झाला आणि आम्ही चौघे दुकानात गेलो, तर त्याच संगणकाचा भाव एकतीस हजार. अडीच लाखांत आठ बसतात. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, आजचा भाव आजच्यापुरता. उद्याचं मले विचारू नका. रॅमची पट्टी तं मी आता सोनं आणल्यावानी मोजून आणतो."

तो फसवत नव्हता. त्यालाही अकोल्याहून आणि मुंबईहून रोज नवा भाव कळत होता. पडदा, कीबोर्ड, पेटी यांचे भाव जवळपास जिथल्या तिथे होते. वाढली होती ती रॅमची पट्टी, तिपटीच्या आसपास. तिच्या मागोमाग माहिती साठवायची एसएसडी. आठवी-नववीच्या दोन मुलांची जागा या दोन वस्तूंनी खाल्ली, आणि त्याचं कारण ना आमच्या तालुक्यात होतं ना आमच्या देशात.

रॅम म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांसाठी एका वाक्यात सांगतो. कपाटात फायली असतात तो साठा, आणि काम करताना ज्या टेबलावर त्या पसरतो ते टेबल म्हणजे रॅम. टेबल लहान असलं की हुशार कारकूनही अडखळतो. ही टेबलं जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. नव्वद टक्क्यांच्या वर माल या तिघींचा. सिलिकॉनच्या गोल चकत्यांवर ही मेमरी घडवली जाते. महिन्याला किती चकत्या निघतील हे कारखान्यावर ठरतं, आणि नवा कारखाना उभारून त्यातून माल निघायला दोन-तीन वर्षं सहज लागतात.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं बघा. प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी, चित्रं काढणारी ही यंत्रणा ज्या चिपांवर चालते, त्यांना साधी मेमरी पुरत नाही. त्यांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. भाकरींची चवड रचावी तशा आठ-आठ, बारा-बारा चिपा एकावर एक रचतात, त्यांना आरपार सूक्ष्म छिद्रं पाडतात आणि त्यातून जोडतात. वेग प्रचंड मिळतो, पण तेवढीच मेमरी करायला साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट चकत्या खर्ची पडतात. हा तिपटीचा हिशेब मायक्रॉननेच दिलेला आहे.

मास्तरांना हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक करून पाहिला. एनव्हिडिया कंपनीचं जीबी २०० एनव्हीएल ७२ नावाचं एक कपाट असतं. त्यात ७२ मोठ्या चिपा आणि सुमारे १३,४०० जीबी एचबीएम असते. वाचनालयातल्या संगणकाला ८ जीबी पुरते. म्हणजे एका कपाटातल्या मेमरीत सोळाशेहून जास्त संगणक झाले असते, आणि चकत्यांच्या हिशेबाने पाहिलं तर पाच हजारांच्या घरात. अशी कपाटं एकेका डेटा सेंटरमध्ये ओळीने उभी असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी बोलणी जाहीर केली, तेव्हा महिन्याला नऊ लाख चकत्यांचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. जगातल्या या प्रकारच्या मेमरीच्या सुमारे चाळीस टक्के उत्पादनाएवढी ही मागणी, असा अंदाज तेव्हाच्या वृत्तांत होता. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करण्याचं जाहीर केलं. जवळपास तीस वर्षं दुकानांत दिसणारं नाव. कंपनीने कारणही लपवलं नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आलेली मागणी आणि मोठी गिऱ्हाइकं यांना आधी माल द्यायचा आहे.

मेमरीचे भाव याआधी कडाडले नव्हते असं नाही. जुलै १९९३ मध्ये जपानमध्ये निहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपा बंद करायला लागणाऱ्या राळेचा जगातला निम्म्याहून जास्त पुरवठा त्या एका कारखान्यातून होत असे. काही आठवड्यांतच मेमरी दुपटीच्या आसपास गेली. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानात भूकंप झाला, तेव्हाही तसंच. २०११ मध्ये थायलंडच्या पुराने हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि डिस्कची टंचाई झाली. पण हे सगळे अपघात. आग विझते, पूर ओसरतो, कारखाना पुन्हा सुरू होतो. आजची टंचाई अपघाताची नाही. कारखाने उभे आहेत, रात्रंदिवस चालू आहेत, आणि तरी माल मिळत नाही. अशा टंचाईचं उदाहरण संगणकाच्या इतिहासात शोधण्यापेक्षा आमच्या काळ्या मातीत शोधलेलं बरं.

तर खामगाव. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, काळा, ओल धरून ठेवणारा पायनघाट. इथे कापसाची बाजारपेठ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापासून होती. तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात मोडत असे. बुलढाण्यात ते १९०५ च्या फेररचनेत आलं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, त्याच्याही आधीपासून इथला कापूस लमाणांच्या बैलांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. पुढे तो मुंबईकडे वळला. लिव्हरपूलच्या भावपत्रकात वऱ्हाडी कापसाचं नाव 'उमरा' असं असे. अमरावतीचं जुनं नाव उमरावती, त्यावरून ते आलं.

तरी तोवर इंग्रज गिरण्यांना या कापसाची फारशी किंमत नव्हती. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला माल म्हणून ते नाक मुरडत. त्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे चार पंचमांश भाग अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमातून येत होता. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. जगाला एकाएकी कापूस हवा झाला, आणि तो द्यायला हिंदुस्थान होता, इजिप्त होता, आणि फारसं कुणी नव्हतं. नाक मुरडणारेच दारात उभे राहिले.

पुढची चार वर्षं कापसाच्या भावाने जे पाहिलं ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मुंबईत कापसाची खंडी तिपटी-चौपटीने महागली. गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकल्याच्या हकिकती त्या काळच्या लेखनात आहेत. (आज जुन्या संगणकांतल्या रॅमच्या पट्ट्या काढून विकतात, त्याची मला लगेच आठवण झाली.) बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याच्या कथाही इंग्रजांनी लिहून ठेवल्या आहेत. कथेत अतिशयोक्ती असेल, पण शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे तो पैसा खेळला हे खरं. नेहमीच्या किमतीपेक्षा मुंबईला या काळात सात-आठ कोटी पौंड जास्त मिळाले, असे जुने हिशेब आहेत.

हा पैसा गेला कुठे? बराचसा मुंबईच्या शेअर बाजारात. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर त्याच्या कित्येक पटींनी विकला जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या चिठ्ठीवर बँका पैसे देत. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका. कुठे काय बनतं हे विचारायला कुणाला सवड नव्हती. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. मुंबईत १ जुलै १८६५ हा वायद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस होता, आणि त्या दिवशी देणं द्यायला माणसंच उरली नाहीत. बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. खुद्द प्रेमचंदही बुडाला. तेजीत त्याने विद्यापीठाला दिलेल्या चार लाखांतून उभा राहिलेला, त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे.

मुंबईची ही गोष्ट शाळेत थोडीफार शिकवली जाते. वावरात काय झालं ते कुणी शिकवत नाही. मीही ते पुस्तकाबाहेर जाऊनच शिकवत असे.

शेतकऱ्याजवळ जमीन तेवढीच होती. कापूस वाढवायचा तर ज्वारीचं वावर त्याखाली आणायचं. आता ज्वारी हे नुसतं धान्य नव्हे. ती माणसाला भाकर देते आणि ढोराला कडबा देते. कपाशीची पऱ्हाटी जाळायला बरी, पण बैलाच्या पोटात जात नाही. ज्वारीचं एक वावर कमी झालं की घरातली भाकर आणि गोठ्यातली वैरण दोन्ही विकत घ्यायची वेळ येते. जोवर कापसाला भाव होता, तोवर हे जाणवलं नाही. हातात रोकड होती, सावकार उधारी द्यायला दारात येत होता. गावोगावच्या साळी-कोष्टींना मात्र तेव्हाच जाणवलं. कापूस महागला, सूत महागलं, आणि ज्यांच्या मागावर गावाचं लुगडं-धोतर निघायचं त्यांना भांडवल पुरेना. कापूस दारात पिकत असून विणकराला परवडत नव्हता.

युद्ध संपलं, भाव कोसळला. पण कापूस वऱ्हाडातून हटला नाही. सारा रोखीत भरायचा होता, कर्ज रोखीत फेडायचं होतं, आणि रोख देणारं पीक एकच होतं. गंमत पाहा, कापूस वाहून न्यायची साधनं आली ती तेजी ओसरल्यावर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. जलंबहून खामगावला आठ मैलांचा फाटा आला १८७० मध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला स्वतः खामगावात आला होता. मग तार आली, वाफेवर गाठी दाबणाऱ्या प्रेस आल्या, व्होल्कार्टसारख्या युरोपी पेढ्यांची खरेदी सुरू झाली. लिव्हरपूलचा भाव खामगावात कळू लागला. शेतकऱ्याला तो कळून उपयोग काय? गाडी भरून बाजारात आलेला माणूस भाव पटला नाही म्हणून गाडी परत नेत नाही.

पूर्वी गावोगाव ज्वारीची पेवं असत. जमिनीत खोल खणून, गवत-कडबा लावून, चार वर्षांची ज्वारी त्यात ठेवत. एखादं वर्ष पावसाने दगा दिला तर पेव उघडायचं. कपाशी वाढली, रेल्वे आली, ज्वारी विकली जाऊ लागली, आणि पेवं रिती झाली. १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० मध्ये दुष्काळ पडला तेव्हा वऱ्हाडातली माणसं आणि जनावरं फार मोठ्या संख्येने मेली. रेल्वेने धान्य येत होतं, बाजारात दिसतही होतं, पण ते विकत घ्यायला मजुराजवळ पैसा नव्हता. लक्ष्मण सत्या या इतिहासकारांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर इंग्रजीत सबंध पुस्तक लिहिलं आहे. विदर्भातल्या प्रत्येक शिक्षकाने ते वाचावं. तिकडे पुणे-नगरकडे १८७५ मध्ये सुपे गावापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्याच्या चौकशी आयोगाने जी कारणं नोंदली, त्यातही कापसाच्या तेजीतली सढळ उधारी आणि मंदीत आवळलेला हात ही होतीच.

वाचकहो, आता पुन्हा चकत्यांकडे या. कोरियातला कारखाना म्हणजे एक वावर समजा. त्यात साधी मेमरीही पिकते आणि एचबीएमही. एचबीएमला भाव जास्त, गिऱ्हाईक श्रीमंत, आणि ते वर्षा-वर्षाचा सौदा आधीच करून टाकतं. कारखानदाराने ज्वारी मोडून कपाशी घेतली यात नवल ते काय? बरं, ही कपाशी तिप्पट जागा खाते. ज्वारीचं क्षेत्र त्यामुळे अधिकच घटतं. आणि साधी मेमरी ही खरोखर ज्वारीसारखी आहे. ती फक्त संगणकात नसते. मोबाईलमध्ये ती असते, टीव्हीत असते, मोटारीत असते, इंटरनेटच्या डब्यात असते. तिचा भाव वाढला की या सगळ्यांना वैरण महागते. स्वस्त मोबाईलला हे सगळ्यात जास्त लागतं, कारण महाग मोबाईलमध्ये मेमरीची किंमत एकूण किमतीत लपून जाते, दहा-बारा हजारांच्या मोबाईलमध्ये ती लपत नाही. कंपनी एकतर भाव वाढवते, नाहीतर मेमरी कमी घालते. शेतमजुराच्या मुलीच्या हातात असतो तो हाच मोबाईल.

पेवांचंही तसंच आहे. २०२२-२३ मध्ये मेमरीचा भाव इतका पडला होता की या कंपन्यांना मोठा तोटा झाला आणि २०२३ मध्ये त्यांनी उत्पादन कमी केलं. हात पोळलेला माणूस नवं वावर घ्यायला धजत नाही. १८६५ नंतरच्या व्यापाऱ्यांसारखं ते झालं. मागणी उसळली तेव्हा पेवं भरलेली नव्हती. आता नवे कारखाने उभे राहताहेत, पण त्यांचा माल भरपूर येईस्तोवर २०२७-२८ उजाडेल. तोवर ही तेजी टिकेल की १ जुलै १८६५ सारखा एखादा दिवस येईल, हे मी सांगू शकत नाही. सांगणाऱ्यांवर फार विश्वासही ठेवू नये. खामगावचा फाटा युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी आला, एवढं ध्यानात ठेवावं.

एक मोठा फरक आहे, तो नोंदवला पाहिजे. तेव्हा वऱ्हाड विकणाऱ्यांत होता. भाव वाढला त्याचे चार पैसे तरी गावात आले, चांदीच्या धावांच्या कथा तरी निघाल्या. आज आपण नुसते घेणाऱ्यांत आहोत. गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा कारखाना झाला आहे. त्याची घोषणा जून २०२३ मध्ये झाली होती. तिथे परदेशात घडवलेल्या चिपा येतात, त्यांची बांधणी आणि तपासणी होते. चकती तिथे घडत नाही. टाटांचा चकत्या घडवण्याचा कारखाना उभा राहतो आहे, त्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली, पण त्यात साधी नियंत्रणाची वगैरे कामं करणाऱ्या चिपा होणार, मेमरी नव्हे. आणि हा कारखाना कुठे आहे माहीत आहे? धोलेऱ्याला. १८६० च्या दशकात मुंबईच्या कापूस बाजारात 'उमरा'च्या शेजारी ज्या मालाचा भाव पुकारला जाई, तो 'धोलेरा' त्याच बंदराच्या नावाचा. इतिहासाला विनोदबुद्धी नसते, असं कोण म्हणतं?

आपल्याकडे तेजीची वरची बाजू दिसते ती नवी मुंबईत. ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. भारतातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई आणि परिसरात आहे. समुद्रातून येणाऱ्या तारा तिथेच किनाऱ्याला लागतात, म्हणून. पुन्हा मुंबई, पुन्हा बाहेरून येणारी तार. खामगावच्या वाट्याला पुन्हा तारेवरून येणारा भाव.

मी काही यंत्रांच्या विरुद्ध नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला मी स्वतः मोडीतल्या एका कागदाबद्दल विचारलं आहे आणि तिने बऱ्यापैकी मदत केली. तेजीतून काही चांगलंही मागे उरतं, हेही इतिहासच सांगतो. खामगावला रेल्वे उरली, मुंबईला राजाबाई टॉवर उरला. २००० च्या सुमाराला इंटरनेट कंपन्यांची तेजी फुटली, तेव्हा जमिनीत पुरलेल्या काचतंतूंच्या तारा उरल्या आणि पुढे त्या स्वस्तात वापरात आल्या. या तेजीतूनही कारखाने उरतील, आणि कदाचित पाच-सात वर्षांनी रॅमची पट्टी पुन्हा मातीमोल होईल. पण जे उरतं ते कुणाकडे उरतं, हे विचारायला हवं. मुंबईला मनोरा उरला तेव्हा गावाला कर्ज उरलं होतं. आज आठवीत असलेली मुलगी पाच-सात वर्षांनी आठवीत नसते. तिचं वर्ष गेलं ते गेलं.

म्हणून मला वाटतं, सरकारने आणि संस्थांनी या क्षेत्रातल्या ज्वारीचा हिशेब वेगळा ठेवावा. डेटा सेंटरला किती सवलती दिल्या याची आकडेवारी निघते. जिल्ह्यातल्या शाळांना, वाचनालयांना, सेवा केंद्रांना यंदा किती संगणक कमी मिळाले, याची निघत नाही. शाळांच्या संगणकांची खरेदी एकेकट्या शाळेने बाजारात जाऊन करण्याऐवजी जिल्ह्याने एकत्र आणि दोन-तीन वर्षांच्या कराराने केली, तर लहान गिऱ्हाइकालाही रांगेत थोडं पुढे उभं राहता येईल. मोठी गिऱ्हाइकं हेच तर करताहेत. आणि कार्यालयांतून दर चार-पाच वर्षांनी जे संगणक भंगारात जातात, त्यातल्या रॅमच्या पट्ट्या काढून शाळांना द्याव्यात. हे आपलं पेव. ते भंगारवाल्याच्या गाडीत रितं करायचं कारण नाही.

सामान्य माणसाने घाबरून खरेदी करू नये आणि हप्त्यावर तर मुळीच करू नये. तेजीत उधारी सोपी असते, हे आमच्या पणजोबांच्या पिढीने शिकून ठेवलं आहे. घरातला जुना संगणक चालत असेल तर तो साफ करून, गरज नसलेले प्रोग्रॅम काढून आणखी दोन वर्षं चालवावा.

आमच्या वाचनालयाने आठ संगणक घेतले. उरलेल्या दोन टेबलांवर दोन जुने संगणक बसवले. एका निवृत्त तलाठ्याच्या आणि एका कापड दुकानदाराच्या घरून आलेले. त्यात माझ्या त्या विद्यार्थ्याने पडीक यंत्रांतून काढलेली रॅम घातली, मजुरी घेतली नाही. दोन्ही हळू चालतात, पण मुलं त्यांच्यापुढेही रांग लावतात.